संडास मोजले, घागरी कोण मोजणार?



२०१८ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्र सरकारने जाहीर केले की राज्याचा सगळा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाला. वेशीवर पाट्या लागल्या, हारतुरे झाले, फोटो निघाले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या उन्हाळ्यात, याच हागणदारीमुक्त महाराष्ट्रात पिण्याचे पाणी पोचवायला सहा हजारांवर टँकर धावत होते. टँकरच्या पाण्याचे सरकारी माप माणशी दिवसाला २० लिटर. त्यात प्यायचे, रांधायचे, भांडी घासायची, अंगावर दोन तांबे घ्यायचे आणि लेकराचे कपडे धुवायचे. मग संडासात ओतायला पाणी कुठून आले? ज्या घरच्या संडासात आज सरपण आणि कुटाराची पोती ठेवलेली आहेत, त्या घराला याचे उत्तर माहीत आहे. सरकारला माहीत नाही. सरकारने संडास मोजले, पाणी मोजलेच नाही.

आजच्या बैठकीपुढे एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या नावाने गेल्या पन्नास वर्षांत जे काही झाले, त्यात जे बांधले गेले ते मोजले गेले. धरण मोजले, पाझर तलाव मोजला, नळाची तोटी मोजली, संडासाचे भांडे मोजले. बांधकाम मोजले की बिल निघते. पाणी मोजले की मात्र ते कुठे गेले, कोणी नेले, कोणाला मिळाले नाही, असा जाब विचारला जातो. जाब कोणाला नको असतो हे सांगायला नको. म्हणून पाण्याचा हिशेब सरकार मांडेल ही आशा सोडून द्यावी आणि तो गावाने मांडावा, असे आमचे म्हणणे आहे.

घागरीचे गणित

पाच माणसांचे घर धरा. ठेकेदाराने शहरी पद्धतीचे पसरट भांडे बसवून दिले आहे. ते धुवून निघायला एका वेळेला आठ-दहा लिटर पाणी लागते. माणशी दिवसातून एकदाच धरले तरी चाळीस-पन्नास लिटर झाले. घागर बारा ते पंधरा लिटरची. म्हणजे नुसत्या संडासासाठी रोज तीन-चार घागरी. त्या कोणाच्या डोक्यावर येतात? बारा हजार रुपयांचे अनुदान घरच्या कर्त्याच्या नावाने आले, घागरी मात्र त्याच्या बायकोच्या आणि लेकीच्या वाट्याला आल्या.

आता दुसरे भांडे पाहा. खोल उताराचे ग्रामीण भांडे आणि त्याखाली कमी पाणी धरणारा कोंबडा, म्हणजे वास अडवणारा वाकडा तुकडा. हे भांडे दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. हातपाय धुणे धरून माणशी चार-पाच लिटर. पाच माणसांना दोन घागरी पुरतात. त्याच घरात, त्याच माणसांसाठी रोजची एक-दोन खेप वाचली, महिन्याच्या तीस ते साठ खेपा वाचल्या. हे भांडे नवे नाही, दुर्मीळ नाही, सरकारच्याच पुस्तकात त्याची शिफारस आहे. पण कोणते भांडे बसले हे बिलात तपासले जात नाही. भांडे बसले एवढेच तपासतात. डोक्यावरच्या घागरीला बिलात रकाना नाही.

आणि तरी पहाटे शिट्ट्या फुंकत जी पथके गावात आली, त्यांचे नाव काय होते? गुड मॉर्निंग पथक! टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घालायचा, बायाबापड्यांवर उजेड पाडायचा, टमरेल हिसकून घ्यायचे. पहाटे गावात येणारे पथक आले, पण दुपारी घागर घेऊन विहिरीच्या तळाशी उतरलेल्या बाईला दोर द्यायला कोणते पथक आले? दीड कोस पायपीट करून आलेले पाणी संडासात ओत, नाहीतर तुझी अब्रू चव्हाट्यावर मांडतो, असे सांगणाऱ्याला स्वच्छता शिकवणारा म्हणायचे का?

"लोकांना सवयच नाही" म्हणे

साहेब लोकांचे आवडते वाक्य आहे: खेड्यातल्या माणसाला सवय नाही, त्याची मानसिकता बदलली पाहिजे. मायबहिणींनो, तुम्हीच सांगा. दिवसभर दाबून धरून अंधार पडायची वाट पाहण्याची कोणाला हौस असते? गोदरीत रस्त्यावरून गाडीचा उजेड आला की उठून उभे राहायची कोणाला सवय लागते? रात्री जावे लागू नये म्हणून संध्याकाळी भाकर कमी खाणारी आणि पाणी कमी पिणारी बाई मानसिकतेने मागासलेली आहे की पाण्याने गांजलेली आहे? दारात पाणी असेल आणि भांडे नीट असेल, तर संडास वापरायला कोणाला शिकवावे लागत नाही. नळ चोवीस तास चालतो त्या वस्तीत कधी शिट्टी वाजवावी लागली आहे काय?

गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९५६ साली ते गेले. ते गावात येत, आधी हातातल्या खराट्याने गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात बोलत. त्यांच्या नावाने सरकारने २००० सालापासून अभियान चालवले. नाव बाबांचे घेतले, पण क्रम उलटा केला. आधी बोलायचे, मग दंड करायचा, मग बक्षीस वाटायचे. खराटा कोणी हातात घ्यायचा आणि पाणी कोणी आणायचे, ते गावाने बघायचे.

हा काय शेतकऱ्याचा प्रश्न?

काही भाऊ म्हणतील, आपला प्रश्न कापसाच्या भावाचा, तुम्ही संडास-पाण्याचे काय घेऊन बसलात? त्यांना विचारायचे आहे की वेचणीच्या दिवसांत तुमच्या घरातली बाई शेतात किती वाजता पोचते? सकाळचे दोन तास पाण्यात गेले तर ती दहाला पोचते आणि दोन तासांची वेचणी बुडते. ती भरून काढायला मजूर लावावा लागतो. कृषी मूल्य आयोग घरच्या माणसांची शेतातली मजुरी हिशेबात धरतो. पाण्याच्या खेपेची मजुरी कोणत्याही आयोगाच्या कागदावर नाही. टँकरवाल्याला खाजगीत दिलेले पैसे, लेकराला हगवण लागली म्हणून डॉक्टरला दिलेले पैसे, सलाईनच्या बाटलीचे पैसे, सासूला मुतखडा झाला म्हणून तालुक्याला मारलेल्या चकरा, हे सगळे त्याच कापसाच्या आणि ज्वारीच्या पैशातून जाते. कर्जाच्या वहीत त्याची नोंद "घरखर्च" अशी होते. हा घरखर्च नाही. पाण्याचा न मांडलेला हिशेब आपल्या खात्यावर टाकला गेला आहे.

बिल निघते ते मोजले जाते

पाण्याच्या आकड्यांची गंमत पाहा. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दिसले की दहा वर्षांत पिकाखालच्या जमिनीतले ओलिताचे क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर आले. त्या दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचा आकडा तेव्हा राज्यभर गाजत होता. बोंब झाली. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली आणि तिने सांगितले की वाढ ०.१ टक्का नव्हे, ५.१७ टक्के आहे. रान एकच, पाऊस एकच, सरकारही एकच आणि आकडे दोन! पुढे कित्येक वर्षे त्याच आर्थिक पाहणीत ओलिताच्या टक्केवारीच्या जागी "उपलब्ध नाही" असे छापले गेले. शेतकऱ्याला सात-बारावर विहीर आहे की नाही, पेरा किती, पड किती, हे सगळे लिहून द्यावे लागते. सरकारला मात्र आपले ओलीत किती ते माहीत नसले तरी चालते.

भंडाऱ्याकडचे गोसीखुर्द घ्या. १९८३ साली अंदाज ३७२ कोटींचा होता, १९८८ साली भूमिपूजन झाले आणि पुढे खर्चाचा आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. खर्चाचा आकडा रुपया-पैशात सापडतो. शेवटच्या शेतात पाणी किती दिवस आले, तो आकडा शोधून दाखवा.

धरण नको, गावातच पाणी अडवू म्हणून २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले. कल्पना वाईट नव्हती. नाले खोल झाले, पोकलेन महिनोन्महिने फिरले. २०२० मध्ये महालेखापालांनी तपासून सांगितले की ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्यात स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही. का नाही झाला? कारण किती घनमीटर माती काढली ते रोज मोजले, किती पाणी मुरले आणि ते कोणाच्या बोअरने उपसले, ते मोजले नाही.

आता नळाची पाळी आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले की २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. २०२४ गेले. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. मुदत वाढली याचा राग नाही. राग याचा आहे की जोडणी नोंदली की घर यादीत चढते आणि मे महिन्यात त्या तोटीतून नुसती हवा येत असली तरी ते यादीतून उतरत नाही. टाकी उभी, पाइप पुरलेला, तोटी चकचकीत आणि विहीर कोरडी! विहिरीत पाणी आहे की नाही हे आधी पाहायचे की शेवटी?

पाणी नाहीच, असे कोण म्हणतो?

साहेबांचे दुसरे आवडते वाक्य: कोरडवाहू भाग आहे, निसर्गच कंजूष आहे, त्याला सरकार काय करणार? हे वाक्य एकदा पाटीवर हिशेब मांडून तपासू.

एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे चार हजार लिटर पाणी पडले. बऱ्यापैकी वर्षात आपल्याकडे ७०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एका एकरावर वर्षाला २८ लाख लिटर. आता दीड हजार वस्तीचे गाव घ्या. सरकारने कबूल केलेले माणशी ५५ लिटर रोज धरले तर वर्षाला तीन कोटी लिटर लागते. म्हणजे साऱ्या गावाला वर्षभर प्यायला, रांधायला, न्हायला आणि संडासाला जेवढे पाणी लागते, तेवढे अकरा एकरांवर आभाळातून पडते! गुरेढोरे धरली तरी चौदा-पंधरा एकर. ऊन खाते, नाला नेतो, माती पिते, हे सगळे वजा करून शंभरातले दहाच लिटर हाती लागले असे धरा, तरी दीडशे एकरांचा पाऊस पुरे. गावाचे शिवार हजार-दोन हजार एकरांचे आहे.

मग उन्हाळ्यात घागर कोरडी का? १९७२ च्या दुष्काळात लोक म्हणत, धान्य नाही. आज पाऊस पडूनही प्यायला पाणी नाही असे म्हणायची वेळ येते, कारण पडलेल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हे कागदावर एक आणि जमिनीखाली दुसरेच आहे. कागदावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. १९९३ साली कायदा झाला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. २००९ चा नवा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. कायदे कपाटात राहिले आणि बोअरची गाडी गावात आली. एकाने दोनशे फूट मारले, दुसऱ्याने चारशे, तिसऱ्याने सातशे. ज्याच्याकडे पैसा किंवा पत, त्याची पाइप खाली. हापशीची पाइप कधीच पोचणार नाही तिथे गावाचे पाणी गेले. चारशे फुटांवाल्याचेही कर्ज फिटले नाही, कारण सातशेवाल्याने त्याचे पाणी ओढले. या शर्यतीत शेवटी कोणीच जिंकत नाही, बोअरच्या गाडीवाल्याशिवाय.

पाटाच्या पाण्यावर एक एकर उसाला वर्षाला ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे तीन-चार एकर ऊस आणि दीड हजार माणसांचे वर्षभराचे पाणी, यांचे माप सारखेच. ऊस लावणारा भाऊ आपला शत्रू नाही. ज्या पिकाला गिऱ्हाईक ठरलेले आणि भाव बांधलेला, ते पीक कोणीही लावील. पण कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस ओलिताचे ७० टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ज्वारीला आणि कापसाला एका पावसाचा खंड पडला तर हातातले पीक जाते. तेव्हा एक पाणी मिळाले तर पीक वाचते. ते एक पाणी कुठे आहे, याचे उत्तर त्या आकड्यात आहे.

वाटणी बदलता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला पुरंदर तालुक्यातले नायगाव दाखवा. १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. नगरकडच्या हिवरेबाजारने दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पाडली आणि शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. दोन्ही गावे दुष्काळी टापूतली. तिथे सरकारने हुकूम काढला नव्हता, गावाने हिशेब मांडला होता.

शहराचे सांडपाणी आणि आपले धरण

गावच्या माणसाला ५५ लिटर, शहरच्या माणसाला १३५ लिटर, असे सरकारचे माप आहे. शहरच्या माणसाने पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण ते पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते ते विचारायचे की नाही? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा हिशेब असा आहे की देशातल्या शहरांतून रोज ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निघते आणि त्यातले जेमतेम २,०२३ कोटी लिटर शुद्ध होते. बाकीचे नदीत. म्हणजे शंभर बादल्यांतल्या बहात्तर बादल्या तशाच ओढ्या-नाल्यांत. गावातला म्हातारा नाल्याकाठी बसला तर त्याच्यावर शिट्टी, आणि अख्खे शहर नदीत बसले तर त्याचे नाव स्मार्ट सिटी!

नागपूरची घाण नाग नदीतून, पुढे कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या पाण्यात उतरते. आपल्या जमिनी बुडवून बांधलेले धरण, आणि त्यात येते काय?

शहर सुधारू शकत नाही असेही नाही. त्याच नागपुरात भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर क्षमतेचे केंद्र झाले आणि तिथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जाते. वीजकेंद्र चालते, दिवे लागतात, काही बिघडत नाही. २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणात तर लिहूनच ठेवले आहे की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्राने तेच पाणी वापरले पाहिजे. मग अमरावतीजवळच्या वीजप्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी द्यायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांना रस्त्यावर का उतरावे लागले? कारण २००३ च्या राज्याच्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा नंबर कारखान्यांना दिला होता आणि शेती तिसरी केली होती. २०११ मध्ये, बोंब झाल्यावर, शेतीला पुन्हा दुसऱ्या नंबरावर आणले. आठ वर्षांत जे पाणी कारखान्यांच्या नावावर लागले त्याचा हिशेब कोणी दिला?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींत पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. लातूरकरांना पाणी मिळाले हे बरेच झाले. पण धरणाचा तळ दिसेपर्यंत पाणी कोणकोणत्या वाटेने गेले, हा प्रश्न त्या फोटोत मावला नाही. रेल्वे मोजली गेली. मांजरा धरण का आटले ते मोजले गेले नाही.

जमिनीखाली विहीर आणि खड्डा शेजारी

एक गोष्ट आपल्या घरातली आहे, तीही बोलली पाहिजे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात विहिरींच्या पाण्यात नायट्रेट सर्वात जास्त सापडलेले देशातले पंधरा जिल्हे दिले आहेत. त्यातले सात महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड. ही यादी ओळखीची वाटते ना? हा कापसाचाच पट्टा आहे. एका लिटरात ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, त्यावर गेले की पाणी पिण्यालायक नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या लेकराला त्याचा धोका सर्वात जास्त. ते येते युरियातून, उकिरड्यातून आणि संडासाच्या चुकीच्या खड्ड्यातून. पाणी दिसायला नितळ असते, चव बदलत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

काळी जमीन कशी असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी मुरू देत नाही. अशा जमिनीत मुरमाड जमिनीतला नकाशा जसाच्या तसा आणून खड्डा खणला तर पहिल्या पावसाळ्यात तो तुंबतो आणि उन्हाळ्यात भेगांतून पाणी कुठेही जाते. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या विटांच्या बाहेरून चारी बाजूंनी फूटभर रेती किंवा विटांचे तुकडे भरायचे असतात. हेही सरकारच्याच पुस्तकात आहे. आणि खड्डा एक नको, दोन हवेत. एक भरला की दुसऱ्यात पाणी वळवायचे, पहिला झाकून दीड-दोन वर्षे तसाच सोडायचा. मग निघते ते वास नसलेले, मातीसारखे कोरडे खत. ते उपसायला कोणा माणसाला घाणीत उतरावे लागत नाही. एकच मोठी टाकी बांधली की कधीतरी कोणाला तरी तिच्यात उतरवावे लागते, आणि तो कोण असतो हे गावाला माहीत आहे. शेतकऱ्याच्या घरात खत वाया जाते आणि गरिबाच्या पोराचा जीव धोक्यात जातो, असा संडास आपल्याला नको.

ठरावाला हात वर करण्याआधी

आता मुद्द्याची गोष्ट. गाव हागणदारीमुक्त झाले हे जाहीर करायला ग्रामसभेचा ठराव लागला. "हर घर जल" गाव म्हणून प्रमाणपत्र द्यायलाही ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे साहेबांच्या यादीला शेवटी आपलाच हात लागतो! तो हात आपण आजवर वर केला, चहा पिऊन घरी आलो. यापुढे हात वर करण्याआधी पाच गोष्टी करायच्या. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने त्या टिपून घ्याव्यात.

१. गावात पर्जन्यमापक लावा. शाळेच्या पोरांनी रोज सकाळी पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. दिवाळीच्या सुमारास आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गावातल्या दहा विहिरींची पातळी दोरी टाकून मोजा आणि पंचायतीच्या भिंतीवर रंगवा. दोरी आणि दगड एवढेच साहित्य लागते.

२. दिवाळीनंतर ग्रामसभा घेऊन ताळेबंद मांडा. माणसे आणि गुरे यांचे मेअखेरपर्यंतचे पाणी आधी बाजूला. उरेल त्यात रब्बीचे काय पेरायचे ते बोला. पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर होत असेल तर २००९ च्या भूजल कायद्याचे नाव घेऊन लेखी हरकत घ्या.

३. नळयोजना पूर्ण झाल्याचा ठराव मे महिना गेल्याशिवाय करायचा नाही. एका उन्हाळ्यात शेवटच्या घराच्या तोटीखाली बादली ठेवा. भरली तर हात वर.

४. नवा संडास घेताना खोल उताराचे भांडे, दोन खड्डे, बाहेरून रेतीची भर, आणि विहीर-हापशीपासून निदान पन्नास फूट अंतर. खड्डा विहिरीच्या चढाकडे नको. ठेकेदार ऐकत नसेल तर काम थांबवा, अनुदान तुमच्या घराचे आहे. वर्षातून एकदा विहिरीच्या पाण्याची नायट्रेटची तपासणी मागा आणि निकाल चावडीवर लावा.

५. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच मागणी लावून धरा: शहराने आणि वीजकेंद्राने शहराचेच पाणी शुद्ध करून वापरावे. जेवढे पाणी त्यामुळे धरणात वाचेल, तेवढे शिवारात सोडल्याचा आकडा दरवर्षी छापावा.

या पाचांतल्या चार गोष्टींना सरकारचा एक पैसा लागत नाही. म्हणूनच त्या कोणत्याही योजनेत नाहीत. पर्जन्यमापकाचे भूमिपूजन होत नाही आणि विहिरीत सोडलेल्या दोरीचे उद्घाटन होत नाही.

पुढच्या ग्रामसभेला मायबहिणींनी पुढे बसावे. ठरावाचा कागद वाचून झाला की एकीने उठून एवढेच विचारावे: या कागदात घागरी किती लिहिल्या आहेत? उत्तर मिळेपर्यंत कोणी हात वर करू नये.